दोरीपलीकडची ओळ

विद्यापीठाच्या माणसांनी शेताच्या मधोमध दोरी ताणली, त्या दिवशी थोरलीला पहिल्यांदा कळलं की आपण तीस वर्षं जे करतो त्याला एक नाव आहे. दोरीच्या डाव्या अंगाला पाटी रोवली, 'सुधारित पद्धत'. उजव्या अंगाला दुसरी, 'शेतकऱ्याची पद्धत'. डावीकडची पाटी कोरी करकरीत होती. उजवीकडची कुठल्या तरी दुसऱ्या रानातून उपटून आणलेली. तिच्या पायाला अजून तिथली लाल माती चिकटली होती.

दोरीचं एक टोक धरून उभी होती ती मुलगी विद्यापीठाच्या विस्तार विभागातली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, डोक्याला रुमाल, काखेत कायम जाड फाईल. सगळी वस्ती तिला कागदवाली म्हणायची. तिच्यासमोर नव्हे, पण तिला ठाऊक होतं.

"मावशी, या बाजूला सगळं आमच्या कागदाप्रमाणे," कागदवाली म्हणाली. "बटाट्याचं बेणं आमचं, खत आमचं, फवारणी आमच्या तारखेला. त्या बाजूला तुम्ही नेहमी करता तसं करा."

"नेहमी करते तसं?"

"अगदी तसंच. वेगळं काही करू नका."

"ते जमेल," थोरली म्हणाली आणि दोरीचं दुसरं टोक खुंटीला बांधलं.

शेतात त्या दिवशी आणखी चार खुंट्या होत्या. चार कोपऱ्यांना ठोकलेल्या, जाड, वरचं टोक लाल रंगवलेलं. त्या वीटभट्टीवाल्याच्या. त्याला थोरलीच्या बापाचं हे सव्वा एकर रान हवं होतं, पिकासाठी नाही, मातीसाठी. दोन हात खोल माती काढून तो तिच्या विटा पाडणार, भाजणार आणि खाली उरेल तो मुरूम मालकाला परत करणार. त्याला तो 'भाड्याने घेणं' म्हणायचा. खुंट्या ठोकायला थोरलीच्या भावाने, धाकट्याने, परवानगी दिली होती.

धाकटा तसा वाईट नव्हता. शहरात दुकानांना शटर बसवायचा, महिन्यातून एकदा यायचा, येताना बापासाठी डोळ्यांचं औषध आणायचा. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि थोरली सतरा वर्षांची. तिच्या लग्नाचा विषय दर वर्षी पुढच्या वर्षावर जात राहिला आणि एका वर्षी तो कोणी काढलाच नाही. धाकट्याला हे सगळं कळायचं. कळायचं म्हणूनच तो तिच्यावर चिडायचा.

"ताई, तू बावन्न वर्षांची आहेस. उठताना खांबाला धरतेस. आणखी किती वर्षं वाकणार?"

"वाकता येतंय तोवर."

"आणि मग?"

"मग बसून करीन."

बाप दारातल्या बाजेवर बसून ऐकत होता. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोर माणूस आहे एवढं दिसायचं, कोण आहे ते आवाजावरून. सातबारा त्याच्या नावावर, तेव्हा शेवटचा शब्द त्याचा.

"विद्यापीठवाले उकरणीच्या दिवशी येणार," म्हातारा म्हणाला. "पसंत पडलं तर तीन वर्षं इथेच बेणं पिकवणार, असं ती पोरगी म्हणाली. पडलं तर रान राहील. नाही पडलं तर भट्टीवाल्याच्या कागदावर मी अंगठा देईन. तोवर खुंट्या राहू देत कोपऱ्याला."

झालं. एका बाजूला पाट्या, चार कोपऱ्यांना खुंट्या आणि मध्ये थोरली.

डाव्या अंगाची लावण विद्यापीठाची माणसं येऊन करून गेली. अख्खं बेणं, औषधात बुडवलेलं, फूटपट्टीने अंतर मोजून. उजव्या अंगाला थोरलीने घरचं बेणं घेतलं. प्रत्येक बटाटा हातात फिरवून, डोळे बघून, सुरीने दोन फाकी करायच्या आणि कापलेलं अंग चुलीतल्या राखेत दाबायचं. एखाद्या बटाट्यात सुरी जाताना हाताला किंचित ओलसर लागली तर तो बाजूला आणि सुरी विस्तवावर धरून मगच पुढचा. हे तिला कोणी शिकवलं असं तिला आठवत नव्हतं. बापाचे हात असंच करायचे, बापाला दिसायचं तेव्हा.

कागदवाली दर आठवड्याला स्कूटीवर यायची, पट्टीने झाडांची उंची मोजायची, लिहायची. एकदा ती उजव्या अंगाला आली आणि थबकली.

"मावशी, भर किती वेळा लावली?"

"ही तिसरी."

"तीन वेळा? आमच्या कागदावर एकदाच आहे."

"तुमच्या अंगाला एकदाच लावली की."

"तसं नाही. शेतकऱ्याच्या पद्धतीतही एकदाच धरली आहे."

थोरलीने फावडं टेकलं. "कोणी धरली?"

कागदवालीने फाईल चाळली, मग बंद केली. "छापून आलंय," ती म्हणाली.

भर लावणं म्हणजे झाडाच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी माती ओढून वरंबा उंच करणं. एका ओळीला शंभर वेळा वाकावं लागतं. पाचव्या ओळीनंतर थोरलीचे गुडघे बोलायला लागायचे, आठव्या ओळीनंतर गप्प व्हायचे आणि मग ती मान खाली घालून नुसती पुढे सरकायची. तिसऱ्या भरीच्या वेळी असंच झालं. आदल्या दिवशीच्या पावसाने दोरी सैल पडून चिखलात बुडाली होती. थोरली आपली ओळ संपवून पुढच्या ओळीला लागली, ती संपवली आणि वळताना पायात काहीतरी अडकलं. बघते तर दोरी. तिच्या मागे, उजव्या अंगाला. विद्यापीठाची पहिली ओळ तिने गुडघाभर भर लावून ठेवली होती.

"मेले," थोरली स्वतःशी म्हणाली. माती परत खाली ओढावी असं एकदा मनात आलं. पण लावलेली भर उपसायला तिचा हात धजेना. तिने दोरी चिखलातून उचलली, घट्ट बांधली आणि ती ओळ तशीच राहिली.

मग आभाळ आलं. पाऊस म्हणावा असा नाही, ऊन म्हणावं असं नाही, सहा दिवस नुसती ओली गोधडी अंगावर घेतल्यासारखं वाटत होतं. फवारणीची तारीख तिसऱ्या दिवशी होती. थोरलीने कागदाप्रमाणे मोजून औषध कालवलं, पाठीवर पंप घेऊन डावं अंग फवारलं आणि तासाभरात सर आली, सगळं धुऊन गेली. तिने कागदवालीला फोन लावला.

"पुन्हा फवारू का?"

पलीकडे बराच वेळ कागद वाजले. "मावशी, पुढची तारीख दहा दिवसांनी आहे. मध्ये केलं तर निष्कर्ष बिघडतील."

"पाचव्या दिवशी करपा येईल."

"कशावरून?"

थोरलीने आभाळाकडे बघितलं. कशावरून ते फोनवर कसं सांगायचं. "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

पाचव्या दिवशी सकाळी तिने पान उलटवलं, तर खालच्या अंगाला काळपट डाग आणि त्याच्या कडेने पांढरी बुरशी. दोरीच्या दोन्ही बाजूंना. ती तशीच घरी आली आणि पान बापाच्या हातात दिलं. म्हाताऱ्याने ते नाकाशी धरलं.

"आला," तो म्हणाला. "पाला काप."

"अजून पंधरा दिवस वाढ बाकी आहे, बाबा."

"वाढीची लालूच धरशील तर रोग खाली उतरेल. काप."

दोन दिवस ती विळा घेऊन वाकली होती. हिरवा पाला, अजून फुलात असलेला, बुडातून कापायचा, पोत्यात भरायचा, पाठीवर घेऊन बांधापलीकडे खड्ड्यात पुरायचा. पंधरा दिवसांची वाढ म्हणजे ओळीमागे टोपलीभर बटाटा, तो आपल्या हाताने सोडायचा. दोरीपर्यंत आली तेव्हा संध्याकाळ होत आली होती. दोरीपलीकडची ती उंच भरीची ओळ तिच्याच ओळींसारखी दिसत होती आणि हाताने ती तिचीच धरली. अर्धी कापून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं. अर्धी कापलेली ओळ तशी ठेवून काय मिळणार होतं? उरलेलीही कापली. त्यापुढे विळा नेला नाही. दोरीपलीकडच्या बाकीच्या ओळी डोळ्यांदेखत काळवंडत होत्या आणि तिने शब्द दिला होता म्हणून ती हातावर हात धरून बघत राहिली. आयुष्यात आजारी पीक नुसतं बघत बसण्याची तिची ती पहिलीच वेळ. तिला स्वतःचीच लाज वाटली.

वस्तीला मात्र उलटंच दिसत होतं. डावं अंग डागाळलेलं का होईना, पण उभं होतं. उजवं बोडकं. येणारा-जाणारा बांधावर थांबायचा.

"थोरले, रान न्हाव्याकडे नेलं होतंस का?" शेजारचा दूधवाला हसला.

"हो. तू पण जा एकदा," थोरली म्हणाली आणि घरात निघून गेली. पण ते लागलं तिला.

कागदवाली आली ती स्कूटी स्टँडला लावायचीही विसरली.

"हे काय केलंत मावशी? मी सांगितलं होतं, वेगळं काही करू नका."

"वेगळं कुठे? करपा आला की आम्ही कापतो."

"तुम्ही कापता. शेतकरी कापत नाहीत."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच कळलं असावं, तिने रुमालाने मान पुसली. थोरली मात्र हसली नाही.

"मग मी कोण?" तिने विचारलं.

पुढच्याच दमात थोरलीने दोरीपलीकडच्या ओळीचंही सांगून टाकलं. चूक झाली ती झाली, लपवायचं कशाला. मुलगी मटकन बांधावर बसली.

"मोठे साहेब येणार आहेत उकरणीला. माझी नोकरी अजून कायम नाही, मावशी. असं करू, ती ओळ उकरायचीच नाही. उजवं अंगही नको. डाव्यातली मधली ओळ उकरू, वजन करू, आणि शेतकऱ्याच्या पद्धतीचा आकडा छापील आहेच. डावं चांगलं निघेल, साहेब बेण्याला हो म्हणतील. तुमचं रान राहील. तुम्हाला तेच हवंय ना?"

थोरलीला तेच हवं होतं. गप्प राहिलं की रान वाचत होतं. पण पाटीवर तिचं काम 'शेतकऱ्याची पद्धत' म्हणून राहणार आणि खाली आकडा भलत्याचाच.

उकरणीच्या दिवशी बांधावर कापडी छत लागलं, खुर्च्या आल्या, साठ-सत्तर माणसं जमली. मोठे साहेब जीपमधून उतरले. उंच, पांढऱ्या मिशा, बुटांना चिखल लागू नये म्हणून जपून चालणारे. त्यांनी म्हाताऱ्याला नमस्कार केला, धाकट्याशी हात मिळवला आणि थोरलीला म्हणाले, "बाई, पाणी मिळेल का?" तिने पाणी दिलं. वीटभट्टीवालाही आला होता. घडी केलेला कागद खिशात आणि अंगठ्यासाठी शाईची डबी, म्हणजे तयारीनिशीच. तो मागच्या खुर्चीवर बसला.

डावीकडची मधली ओळ उकरली. बटाटे निघाले ते खरोखर बघण्यासारखे, मुठीत मावणार नाहीत असे. काट्यावर बावीस किलो भरले. साहेबांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली.

"शेतकऱ्याच्या पद्धतीत याच ओळीला बारा किलो येतात," साहेब कागद बघून म्हणाले. "फरक तुमच्या डोळ्यांसमोर आहे."

"कुठे आहे?" थोरली म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण टाळ्या नुकत्याच थांबल्या होत्या. साहेबांनी वळून बघितलं. कागदवालीने फाईल छातीशी धरली.

"बारा किलो कुठे आहेत, साहेब? मला दिसले नाहीत. माझं रान अजून उकरलं नाही."

"ताई," धाकटा दातांतल्या दातांत म्हणाला, "गप्प बस. होतंय ना सगळं."

"तू फावडं धर, नाहीतर बाजूला हो."

"बाई, तुमचा प्लॉट मी पाहिला," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "पाला आधीच काढलाय. तो हिशेबात धरता येणार नाही. शेतकऱ्याची पद्धत म्हणजे सर्वसाधारण शेतकरी जे करतो ते."

"त्या सर्वसाधारण माणसाचं घर कुठे आहे? मला भेटायचंय त्याला. मी पाट्या बघितल्या तेव्हापासून त्याची वाट बघते आहे. भर एकदा लावतो, करपा आला की झोपून राहतो, पिकतं ते बारा किलो. असला माणूस या वस्तीत असता तर त्याला बायकोने घरात घेतलं नसतं."

छताखाली हशा उसळला. दूधवाला सगळ्यांत मोठ्याने हसला. थोरलीने फावडं घेतलं आणि उजव्या अंगाच्या मधल्या ओळीत घातलं. कोणी परवानगी दिली नाही, कोणी अडवलंही नाही. बटाटे निघाले ते लहान. काट्यावर सोळा किलो. वीटभट्टीवाल्याने खिशातला कागद काढून मांडीवर ठेवला.

"पाहिलंत?" साहेब म्हणाले. "बाराहून चांगलं आहे, मी मान्य करतो. पण बावीस ते बावीस."

"आता निवडा."

"काय निवडा?"

"बाबा," थोरली म्हणाली, "या इकडे."

तिने बापाला हाताला धरून आणलं, खुर्चीवर बसवलं, डावीकडचं पोतं त्याच्या पुढ्यात ओतलं. म्हातारा एकेक बटाटा उचलायचा, अंगठा फिरवायचा, कधी नाकाशी न्यायचा आणि डाव्या हाताच्या किंवा उजव्या हाताच्या घमेल्यात टाकायचा. साहेबांनी डाव्या घमेल्यातला एक उचलला. वरून धडधाकट दिसत होता. त्यांनी खिशातली सुरी काढून चिरला. साल सोडून आत पार तांबूस सडलेला. दुसरा चिरला. तोही. मग त्यांनी उजव्या घमेल्यातले दोन चिरले, ते पांढरे शुभ्र. मोतीबिंदूच्या माणसाने एकही चुकवला नव्हता. मग थोरलीने उजव्या अंगाचं पोतं ओतलं, तेही त्याने तसंच निवडलं. बावीसातले नऊ किलो नासके निघाले. सोळातला जेमतेम एक.

टाळी कोणी वाजवली नाही. पंधरा आणि तेरा एवढं गणित तिथे सगळ्यांना येत होतं.

"अजून एक ओळ राहिली," थोरली म्हणाली.

"मावशी," कागदवाली हळूच म्हणाली.

"ती माझी चूक आहे, साहेब, या पोरीची नाही. दोरी चिखलात गेली आणि तुमच्या पहिल्या ओळीला मी माझ्या हाताने भर लावली, पालाही कापला. तुमचा प्रयोग मी तिथे बिघडवला. काय बिघडलं ते बघून घ्या."

या वेळी फावडं धाकट्याने घेतलं. शटरवाल्याचे हात, पण लहानपणी शिकलेलं काम विसरत नाहीत. ओळ उकरली, बाप निवडायला बसला. बटाटे विद्यापीठाचे, टपोरे. एकोणीस किलो. म्हाताऱ्याने नासका म्हणून बाजूला टाकला तो एकच, आणि तोही फावड्याने चिरलेला निघाला.

मोठे साहेब वरंब्यात उतरले होते. बुटांचं त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. उकरलेल्या भरीत त्यांनी हात कोपरापर्यंत घातला.

"किती वेळा भर लावली?"

"तीनदा."

"पाला कापल्यावर किती दिवस थांबलात?"

"साल अंगठ्याने सुटेनाशी होईपर्यंत. या खेपेला सोळा लागले."

साहेबांनी कागदवालीकडे हात पुढे केला, तिने तक्ता दिला. त्यांनी तो वरून खाली वाचला. "याला रकानाच नाही," ते म्हणाले. "सुधारित आहे, शेतकऱ्याची आहे. ही ओळ दोन्हीत बसत नाही."

"मग ओढा की. कागद तुमचा आहे. एक रेघ मारायला काय लागतं?"

साहेब काही बोलायच्या आत कागदवालीने फाईलमधून पट्टी काढली, तक्ता खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि उभी रेघ मारली. रेघ सरळ आली. छापलेले बारा खोडून तिने पंधरा लिहिले. मग विचारलं, "वर काय नाव घालू?"

"ते साहेब सांगतील," थोरली म्हणाली. "मला काय, मी सर्वसाधारण."

साहेबांच्या मिशा हलल्या. हसू होतं की काय, कळलं नाही. "बेणं इथेच घेऊ," ते म्हाताऱ्याला म्हणाले. "तीन वर्षं."

"मला नका सांगू," म्हातारा म्हणाला. "तिला विचारा, जमेल का."

मग मोठ्या साहेबांनी थोरलीकडे तोंड केलं. सकाळपासून पहिल्यांदा नीट.

"जमेल," ती म्हणाली. "बेणं तुमचं, भर माझी. फवारणीला आभाळ बघून हो किंवा नाही मी म्हणणार, तारीख बघून नाही. आणि तुमचा कागद छापायच्या आधी इथे वाचून दाखवायचा, बाबांच्या बाजेपाशी. कबूल असेल तर पाणी आणखी आणते."

साहेबांनी कबूल केलं. नुसती मान हलवली तेव्हा थोरलीने जागचा पाय हलवला नाही. तोंडाने "कबूल" म्हणाले तेव्हाच ती पाणी आणायला वळली. वीटभट्टीवाला शाईची डबी खिशात टाकून कधी उठून गेला ते कोणाला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा बस पकडायला निघाला, तर थोरली रानात. उत्तरेच्या कोपऱ्यातली लाल टोकाची खुंटी ती दोन्ही हातांनी गदागदा हलवत होती. तीन आधीच उपटून बांधावर ठेवल्या होत्या. गुडघा टेकवून, दात आवळून तिने चौथी ओढली, ती मातीसकट वर आली.

"त्या त्याच्या आहेत, ताई," धाकटा म्हणाला. "परत मागायला येईल."

"येऊ दे. त्याच्यासाठी पाणी ठेवलंय."

"काय करणार आहेस त्यांचं?"

थोरलीने खुंटीची माती झटकली, ती माती ओंजळीत धरून कोपऱ्यातला खड्डा बुजवला आणि वर पायाने दाबली. मग विद्यापीठाच्या दोरीचं वेटोळं खांद्यावरून काढून एक टोक भावाच्या हातात दिलं.

"सागाच्या आहेत. दोरी बांधायला चांगल्या," ती म्हणाली. "तिकडे जाऊन उभा राहा. यंदा कुठून कुठवर, ते मी सांगते."

धाकट्याने पिशवी बांधावर ठेवली आणि दोरी धरून चालायला लागला.